आतला खिसा

बाईंच्या दाराआड खुंटीवर एक राखाडी कोट आहे. कोपरांवर विरलाय, कॉलरला तुकतुकी आलीय. बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी तोच चढवतात. भाची म्हणते, "मावशी, आता नवा घे की." बाई म्हणतात, "तुझ्या नव्या कोटात हात वर करून दाखव." भाची हात वर करते. सगळाच्या सगळा कोट तिच्या कानांपर्यंत येतो. मग बाई आपला हात वर करतात. कोट जागचा हलत नाही.

ज्यांनी तो शिवला ते बाईंचे विद्यार्थी होते. एकोणीस वर्षं बाईंनी वर्ग चालवला. त्यांच्याएवढा हट्टी माणूस बाईंना आधी भेटला नाही, नंतरही नाही.

बाई जहाजांवर माल चढवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होत्या. एका दूरच्या देशाशी चालणारा पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता. ती परकी भाषा त्या पत्रांतून शिकल्या, शब्दकोशातून शिकल्या, बंदरावर उतरणाऱ्या खलाशांना पकडून पकडून शिकल्या. त्या देशात मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हे त्या आपणहून कुणाला सांगत नसत. वडील गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी वाचनालयाची वरची खोली मागून घेतली आणि मंगळवारी नि शुक्रवारी मोठ्या माणसांसाठी त्या भाषेचा वर्ग सुरू केला. खाली म्हातारे वर्तमानपत्रं वाचत बसलेले असत. वर चार लांब बाकं, एक फळा, आणि एकदा उघडली की बंद न होणारी खिडकी.

वर्गाचा एकच नियम होता. आल्याबरोबर प्रत्येकाने उभं राहून त्या भाषेतलं एक वाक्य म्हणायचं. ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात बाराही महिने लिहिलेलं असे आणि पुसायला कुणालाच परवानगी नव्हती. 'मला समजलं नाही. परत सांगा, हळू.'

अकराव्या वर्षी मास्तर आले.

मास्तर म्हणजे शिंपी. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं कोटांचं दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. त्यामुळे वर्गात मास्तर म्हणून जो एकच माणूस होता तो शेवटच्या बाकावर बसायचा. वय चौसष्ट. पहिल्या दिवशी गळ्यातली टेप काढायची विसरून आले होते.

"कशासाठी शिकायचंय?" बाईंनी विचारलं.

"सून येणार आहे. तिची भाषा ही आहे. अडीच महिने आहेत हातात."

"तिच्याशी काय बोलायचंय?"

"कामाचं."

एवढं बोलून ते बसले. सगळे उभे राहिले, आपापल्या वेळेला वाक्य म्हणाले. मास्तरांची पाळी आली. मास्तर उठलेच नाहीत.

बाईंना वाटलं, लाजताहेत. मोठी माणसं लाजतातच. पण दुसऱ्या वेळीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. धडा पहिला: माझं नाव, माझं वय, माझं घर. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि मास्तर तोंडात गुळणी धरल्यासारखे बसायचे. बाईंनी काही विचारलं की मान हलवायची. समजलं? हो. म्हणून दाखवा. पुन्हा मान.

वर्गात एक निवृत्त पोस्टमन होते. कुठेही जाणार नव्हते, हौस म्हणून शिकत होते. ते मागे वळून म्हणायचे, "मास्तर, निदान हजेरीला तरी तोंड उघडा. नाहीतर तुमची पाकिटं आम्ही परत पाठवू."

"हजेरी लागलीच आहे की. बसलोय ना समोर."

"पण वय सांगायला काय होतंय?" हे सिस्टर म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, वर्षभरात परदेशी नोकरीला जाणार होती.

"वय मी आपल्या भाषेतही सांगत नाही. सून मला वय विचारायला येत नाहीये."

चौथ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर मास्तरांनी बाईंपुढे घडी घातलेला कागद ठेवला. त्यावर बारीक अक्षरात बारा वाक्यं होती. हात खाली सोडा. टेप इथे धरा. श्वास घ्या. सोडा. वळा. आता पाठ. अशी.

"एवढी शिकवा. बाकी तुमचं तुम्ही त्यांना शिकवा."

"भाषा अशी तुकड्यांनी येत नाही मास्तर. पहिल्या धड्यापासून यायला लागेल."

"माझ्याकडे माणूस कोट शिवायला येतो. मी त्याला आधी सूत कातायला बसवत नाही."

"मग तुम्हाला तयारच माल हवा असेल तर बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात," बाई म्हणाल्या. "तीन मापांत. लहान, मध्यम, मोठं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कोट शिवणाऱ्या माणसाला तयार कपड्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला होता. मास्तरांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, जिना उतरून गेले.

मंगळवारी आले नाहीत. शुक्रवारी नाहीत. बाईंना आधी हायसं वाटलं. पुढच्या मंगळवारी त्या दोनदा खिडकीशी गेल्या.

"बाई, माझी परीक्षा होती तेव्हा मी तीन आठवडे आले नव्हते," सिस्टर म्हणाली. "तेव्हा नाही कुणी खिडकीशी गेलं."

"खिडकी बंद होत नाही म्हणून बघत होते."

"अकरा वर्षं होत नाहीये," पोस्टमन म्हणाले.

शनिवारी दुपारी बाई मास्तरांच्या दुकानात गेल्या. निमित्त बरोबर होतं. त्यांच्या रोजच्या कोटाचा उजवा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती गोलाई, तीन वेळा शिवून चौथ्यांदा उसवला होता.

दुकान लांबट होतं. पुढे कापायचं मोठं टेबल, त्याची कड कातरीने झिजलेली. भिंतीवर खिळ्याला कागदी नमुने, बगळे टांगल्यासारखे. आत पडदा, पडद्यामागे तीन पाखांचा आरसा, आणि आरशाशेजारी एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर काही ठेवलेलं नव्हतं. बाकी दुकानात टाचणी ठेवायला जागा नव्हती.

मास्तरांनी कोट उलटा केला, मुंढा पाहिला.

"काम काय करता?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. विचारायचं असतं. मी माप नंतर घेतो, आधी हे विचारतो."

"फळ्यावर लिहिते," बाई म्हणाल्या.

"उजवा हात, डोक्याच्या वर. आणि हा कोट शिवलाय खुर्चीत बसणाऱ्या बाईसाठी. दुरुस्त करून उपयोग नाही. पुन्हा फाटेल." त्यांनी तो परत दिला. "घरात जुनं जाड कापड काही आहे का? चांगल्या काळातलं?"

बाईंच्या घरी वडिलांचा ओव्हरकोट होता. पण त्यांची नजर टेबलावरच्या मापवहीवर होती. वही उघडीच होती. डाव्या पानांवर पुरुषांची मापं, खरखरीत अक्षर. उजव्या पानांवर बायकांची, गोल, टपोरं अक्षर. अर्ध्या वहीनंतर उजवी पानं कोरी होती.

"ही आमच्या मंडळींची पानं," मास्तर म्हणाले. "मी बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नाही. कधीच लावली नाही. ती लावायची, इथे स्टुलावर बसून लिहायची. मी पडद्याबाहेरून सांगायचो. ती गेली तेव्हापासून बायकांचे कोट बंद."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून फोटोंचं पाकीट काढलं. सगळ्या फोटोंत एकच मुलगी होती, निळ्या कोटात. घरापुढे, गाडीपुढे, मास्तरांच्या मुलाशेजारी.

"त्यानंतरचा हा एकच, सुनेला लग्नाला शिवलेला. मापं मुलाने फोनवर सांगितली. आता तुम्हीच बघा, काय चुकलंय."

बाईंना काही दिसेना. कोट छान होता.

"हात," मास्तर म्हणाले. "एकाही फोटोत तिने हात वर केलेला नाही. खांद्यात आवळतोय तो. मुलाला विचारलं. म्हणतो, चालतंय तिला, बाबा. चालतंय. चाळीस वर्षांत माझा एक कोट परत आला नाही. हाही आला नाही. परत आला असता तर बरं झालं असतं."

"मग मुलालाच सांगा ना, समोर उभं राहून विचारेल तिला."

"मापाला मधे तिसरं माणूस आलं की कोट त्या तिसऱ्यालाच होतो. तिनेच टेप धरायची, मी सांगायचं. म्हणून तर बारा वाक्यं."

बाईंना आता सगळं उमगलं. फक्त एक सोडून.

"पण मास्तर, ते फळ्यावरचं वाक्य. ते म्हणायला काय हरकत होती?"

मास्तरांनी खडूचा तुकडा उचलला, परत ठेवला. "बाई, गिऱ्हाईकासमोर शिंपी गोंधळला की गिऱ्हाईक दाराकडे बघतं. समजलं असो नसो, मान हलवायची, मग रात्रभर विचार करायचा. आमच्या वडिलांनी हेच शिकवलं. समजलं नाही हे मी बायकोलाही कधी म्हटलं नाही."

तेव्हा बाईंनी त्यांना पेट्यांची गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक परदेशी कप्तान कचेरीत आला आणि साहेब नव्हते म्हणून बाईंशीच बोलला. पत्रं लिहिण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कप्तानाचं बोलणं डोक्यावरून गेलं. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या. चाळीस पेट्या औषधं भलत्याच बंदरात उतरली. "फळ्यावरचं वाक्य तिथून आलंय," त्या म्हणाल्या. मास्तर हसले. बाईंना मास्तर हसताना पहिल्यांदाच दिसले.

मग ठरलं. बाई बारा वाक्यं शिकवणार. मास्तरांनी वर्गालाही यायचं. आणि सराव म्हणून बाईंचं माप त्या भाषेतच घ्यायचं. बाई सुनेसारखं वागणार, आपल्या भाषेचा एक शब्द उच्चारणार नाही.

बाईंनी वडिलांचा ओव्हरकोट नेऊन दिला. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर पेन आतल्या खिशात ठेवायचे आणि पेन आयुष्यभर गळायचं. त्या खिशाच्या अस्तरावर अंगठ्याएवढा शाईचा डाग होता. आई होती तोवर तिने तो घालवायचा सपाटा लावला होता. आई गेल्यावर वडिलांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

मापाच्या दिवशी मास्तरांनी पडद्याबाहेर उभं राहून बाराच्या बारा वाक्यं म्हटली. एकही अडखळलं नाही. त्यांनी सांगितलं तशी बाईंनी टेप धरली, आकडे वाचले. मास्तरांनी वहीचं उजवं पान उघडलं आणि आपल्या खरखरीत अक्षरात पहिल्यांदा तिथे लिहिलं. बाईंना अगदी भरून आलं. निघताना खऱ्या गिऱ्हाइकासारखं त्या एका दमात, त्याच भाषेत म्हणाल्या, आतला खिसा आहे तसाच ठेवा, तो वडिलांचा आहे, बाकी अस्तर काढून नवं लावलं तरी चालेल.

मास्तरांनी मान हलवली. ठाम.

बाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या त्या तरंगतच.

दोन आठवड्यांनी ट्रायलला बोलावलं. कोट पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी जोडलेला होता. बाईंनी तो चढवला, आरशात पाहिलं, उजवा हात वर केला. काहीच ओढलं नाही. हात एवढा हलका त्यांना कित्येक वर्षांत वाटला नव्हता. मग सवयीने त्यांचा हात आत गेला. बोटांना गुळगुळीत, नवं कापड लागलं.

"आधीचा खिसा कुठाय?"

"तो गेला हो. शाईने कडक झाला होता. अस्तराबरोबर काढून टाकला. हा बघा, दुहेरी शिलाई घातलीय."

"मी सांगितलं होतं ठेवायला."

"कधी?"

बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. त्या भाषेत, पण हळू, एकेक शब्द सुटा करून. खिसा. तसाच. वडील. मास्तर पडद्याची कड धरून उभे होते. वाक्य संपलं तेव्हा त्यांची मान हलली नाही.

"मला खिसा कळलं," ते म्हणाले. "अस्तर काढा कळलं. मधलं..."

"चिंध्या कुठे आहेत?"

"गादीवाला घेऊन गेला. शनिवारी."

त्या दिवशी बुधवार होता. तरी मास्तर गादीवाल्याकडे गेले. बाई दुकानात एकट्या बसून राहिल्या. तासाभराने मास्तर परत आले ते केसांत, भुवयांत, कोटाच्या बाह्यांवर कापूस घेऊन. हात रिकामे होते. ते आले आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले. त्यांना तिथे बसलेलं तोवर कुणी पाहिलं नसावं.

"बाई, बोला काहीतरी. शिव्या द्या."

बाईंना शिव्या द्यायच्या नव्हत्या असं नाही. पण कुणाला द्यायच्या? मानेवर विश्वास ठेवू नये, म्हणूनच तर त्यांनी ते वाक्य अकरा वर्षं फळ्यावर ठेवलं होतं. नेमक्या त्याच मानेवर त्यांनी विश्वास ठेवला होता. कारण शिष्य बारा वाक्यं घडाघडा बोलला आणि गुरूचा ऊर भरून आला.

"टाके पक्के करा," त्या म्हणाल्या. "कोट चांगला झालाय."

घरी गेल्यावर त्या रडल्या.

शुक्रवारी मास्तर वर्गाला वेळेआधी आले. शेवटच्या बाकापाशी गेले, पण बसले नाहीत. सगळे जमेपर्यंत उभेच राहिले. मग फळ्याकडे न बघता त्यांनी ते वाक्य म्हटलं. मला समजलं नाही. परत सांगा, हळू. आवाज खाली म्हाताऱ्यांपर्यंत गेला असावा. पोस्टमन काहीतरी बोलणार होते. सिस्टरने बाकाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मास्तरांनी बाईंना भंडावून सोडलं. दर दोन वाक्यांनी हात वर. समजलं नाही. परत सांगा. धडा पुढे सरकेना. "आधीचे मास्तर बरे होते," पोस्टमन म्हणायचे.

सून आली. आठ दिवसांसाठी. मंगळवारी मास्तर आले नाहीत. बाई खिडकीशी गेल्या नाहीत, पण त्यांनी फळ्यावर तारीख दोनदा चुकीची घातली. सून कशी असेल, हसली तर नसेल, मुलगा मधे पडला असेल का. शुक्रवारीही बाक रिकामंच. पुढच्या मंगळवारी मास्तर आले. सगळा वर्ग त्यांच्याकडे वळला.

"मुलाला बाहेर घालवला," मास्तर म्हणाले. "बटणं आणायला. तीन दुकानांत मिळणार नाहीत अशी."

"आणि मग?"

"मग पहिलं विचारलं. काम काय करता? मुलगा म्हणाला होता, बागेत असते. मला वाटलं, फुलंबिलं. ती बोलायला लागली. बाई, ती तुमच्यासारखी बोलत नाही. नळ सोडल्यासारखी बोलते."

"किती वेळा म्हणालात?"

"अकरा." मास्तरांनी मोजलं होतं. "चौथ्यांदा म्हटलं तेव्हा ती हसली. मला वाटलं, झालं, आता दाराकडे बघणार. तर ती कापायच्या टेबलावरच चढून उभी राहिली. दोन्ही हात वर करून, कातरीसारखी बोटं करून दाखवलं. फळझाडांच्या फांद्या छाटते ती. शिडीवर उभं राहून. दिवसभर."

पोस्टमनकाकांनी बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून पाहिले.

"आणि मी तिला उभं राहून फोटो काढण्यासाठी कोट शिवला होता," मास्तर म्हणाले. मग ते बसले, वही उघडली. "आजचा धडा कितवा?"

"सहावा," बाई म्हणाल्या. त्यांना फळ्याकडे वळायला जरा वेळ लागला.

कोट पोस्टाने गेला. पार्सल बांधताना पोस्टमनकाकांनी स्वतः दोरी धरली. दोन महिन्यांनी फोटो आला. मास्तर तो वर्गात घेऊन आले आणि आधी बाईंना दिला. एक उंच शिडी, निष्पर्ण झाड, आणि शिडीच्या टोकावर पाठमोरी, हिरव्या कोटातली सून. दोन्ही हात डोक्याच्या वर, फांद्यांत.

"चेहरा दिसत नाहीये," सिस्टर खांद्यावरून वाकून म्हणाली.

"चेहरा कशाला हवाय?" मास्तरांनी नख फोटोतल्या बगलेवर ठेवलं. "इथे बघ. एक सुरकुती दाखव मला."

मास्तर पुढे चार वर्षं वर्गाला येत राहिले. सतराव्या धड्यापलीकडे गेले नाहीत. सून दरवर्षी येऊ लागली आणि मापवहीच्या उजव्या पानांवर पुन्हा बायकांचे आकडे पडू लागले. पाचव्या वर्षी मास्तर गेले. दुकानात आता चष्मे मिळतात. वाचनालयातली ती खिडकी मात्र कुणीतरी दुरुस्त केलीय, असं बाई ऐकून आहेत.

भाचीने परवा विचारलं, "मावशी, या कोटाच्या आत एवढा छान खिसा आहे, तू त्यात कधी काही ठेवत का नाहीस?"

"ठेवते की."

भाचीने हात घातला. घड्यांवर फाटत आलेला एक कागद निघाला. बारीक अक्षरात बारा वाक्यं. खाली, वेगळ्या शाईने, परक्या भाषेत जरा तिरकं लिहिलेलं तेरावं.

"खाली काय लिहिलंय हे? मला काही समजत नाहीये."

"तेच लिहिलंय," बाई म्हणाल्या, आणि कोट चढवून दूध आणायला गेल्या.